भूत धरून बिल किती?

इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतून हिंडायला गेलेल्या मराठी माणसाला त्याचे तिथले आप्तेष्ट तीन गोष्टी हटकून दाखवतात. एक जुनं चर्च, एक क्रिकेटचं मैदान आणि एक झपाटलेला पब. पैकी चर्चला कुलूप असतं, मैदानावर पाऊस असतो, त्यामुळे मुक्काम शेवटी तिसऱ्या ठिकाणी पडतो. माझं भांडण या तिसऱ्या ठिकाणाशी आहे.

भांडण कशाबद्दल नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. ते बिअरबद्दल नाही. इंग्रज माणूस ५६८ मिलिलिटरचा एक पाइंट समोर ठेवून दोन-दोन तास नुसत्या हवापाण्यावर बोलू शकतो, ही मला त्याच्या साम्राज्यापेक्षा मोठी कामगिरी वाटते. ते जेवणाबद्दलही नाही. निदान मुख्यतः नाही. आणि भुतांबद्दल तर मुळीच नाही. मी कोकणातला. आमच्याकडे वाडीगणिक एक तरी भूत असायचंच. पिंपळावर मुंजा, विहिरीत हडळ, वेशीवर वेताळ, आणि सड्यावर रात्री काठी आपटत फिरणारा देवचार. या मंडळींशी कसं वागायचं याचे नियम ठरलेले होते. तिन्हीसांजेला पिंपळाखालून जायचं नाही, रात्री कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, आणि वर्षाकाठी नारळ, कोंबडा, जो काय मान असेल तो बिनबोभाट पोचता करायचा. म्हणजे आमच्याकडे भुताला जेवू घालायची पद्धत होती. भुताच्या नावावर आपण जेवायचं आणि वर भुताचे पैसे भरायचे, हा शोध इंग्रजी. माझं भांडण आहे ते त्या पैशांशी.

माझा भाचा तिकडे बारा वर्षं आहे. गेल्या खेपेला एका रविवारी तो म्हणाला, "मामा, आज तुम्हाला अस्सल इंग्लिश जागी जेवायला नेतो. चारशे वर्षांची जुनी आहे. शिवाय झपाटलेली आहे."

हे 'शिवाय' त्यानं अशा सुरात म्हटलं, की जणू 'शिवाय गाडी लावायला जागा आहे.'

आमच्या सौभाग्यवतींनी एवढंच विचारलं, "मग संध्याकाळचं कशाला? दुपारचंच उरकून घेऊ." भाचेसून म्हणाली, "मामी, दुपारीच जायचंय. रविवारचा रोस्ट दुपारी असतो." भुतापेक्षा रोस्टची वेळ कडक असते, हे त्या दिवशी कळलं.

पब होता मोठा झोकदार. काळ्या तुळया, पांढऱ्या भिंती, माणूस आत उभा राहील एवढी शेगडी, तिच्याभोवती घोड्यांच्या साजाची पितळी पदकं. तुळया इतक्या खाली, की चारशे वर्षांपूर्वीचे इंग्रज बुटके होते याचा पुरावा मी आजही कपाळावर बाळगून आहे. पबात टेबलापाशी कुणी 'काय आणू?' म्हणत येत नाही. आपणच काउंटरवर जाऊन सांगायचं असतं, पैसे आधी मोजायचे असतात. भाचा रांगेत उभा राहिला आणि आम्ही मेनूकार्ड वाचत बसलो. पुढच्या बाजूला पदार्थ होते. मागच्या बाजूला भूत होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. सतराव्या शतकात म्हणे या पबात सतरा वर्षांची एक मोलकरीण होती. कुण्या घोडेस्वार उमरावाच्या नादी लागली आणि एका सकाळी मागच्या तळ्यात सापडली. तेव्हापासून जिन्यावर तिची पावलं वाजतात, तळघरात पेले आपोआप फुटतात, आणि सहा नंबरच्या खोलीत (नाश्ता धरून एकशे चाळीस पौंड) मध्यरात्री गारवा जाणवतो. इंग्लंडात मध्यरात्री खोलीत गारवा जाणवायला भूत कशाला लागतं, हा प्रश्न मी गिळला, कारण पुढची ओळ होती : 'आमचं खास ग्रे लेडी पुडिंग चाखायला विसरू नका.'

सौभाग्यवतींना त्या दिवशी संकष्टी होती. त्या बटाट्याच्या चिप्सवर होत्या, त्यामुळे त्यांचं डोकं शाबूत होतं. थाळ्या घेऊन आलेल्या पोराला त्यांनी आपल्या इंग्रजीत विचारलं, "या मुलीला मारलं कोणी?"

पोरगा गोरामोरा झाला. म्हणाला, "ठाऊक नाही, मॅडम."

"तिचं नाव काय?"

तेही त्याला ठाऊक नव्हतं. मालकाला विचारून आला. त्यालाही ठाऊक नव्हतं. पुडिंगची किंमत मात्र दोघांना पाठ होती.

आता कुणी म्हणेल, अहो, गंमत आहे ही, एवढं काय मनाला लावून घेता? घेतो. कारण घरी येऊन मी या झपाटलेल्या पबांच्या मागे लागलो, आणि जसजसा वाचत गेलो तसतसं दिसू लागलं, की या धंद्यात तीन पदार्थ शिळे नसताना शिळे म्हणून विकले जातात. त्यांचं वय, त्यांचं जेवण आणि त्यांचं भूत.

वयाचंच घ्या. आपल्याकडे डॉक्टर जशी पाटीवर डिगरी लावतो, तसा इंग्लंडातला पब भिंतीवर साल लावतो. नॉटिंगहॅमच्या किल्ल्याखाली 'ट्रिप टू जेरुसलेम' नावाचा प्रसिद्ध पब आहे. त्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत ११८९ लिहिलंय. धर्मयुद्धाला निघालेले शिलेदार म्हणे इथं घसा ओला करून पुढं गेले. प्रत्यक्षात उभी असलेली इमारत सतराव्या शतकाच्या मागं जात नाही, आणि हे नाव कागदोपत्री पहिल्यांदा सापडतं ते १७९९ साली. म्हणजे शिलेदार निघाले तेव्हा पाटी रंगवायला अजून सहाशे वर्षं होती. याच पबात छताला टांगलेलं एक लाकडी गलबत आहे. ज्यानं ज्यानं ते पुसलं तो तो मेला अशी आख्यायिका असल्यामुळं त्याच्यावर बोटबोट धूळ साचलेली आहे, आणि आता ती धूळ काचेच्या पेटीत जपून ठेवलेली आहे. माझ्या पुस्तकांच्या कपाटाबद्दल मी घरात हाच बचाव करून पाहिला. चालला नाही.

सेंट ऑल्बन्सच्या 'फायटिंग कॉक्स'चं नाव कित्येक वर्षं गिनेस बुकात इंग्लंडातला सर्वांत जुना पब म्हणून होतं. २००० साली गिनेसवाल्यांनी तो विक्रमच बंद करून टाकला, कारण कुणाचाच दावा ताडून पाहता येईना. यातली मेख अशी, की गिनेस बुक १९५५ साली निघालं तेच मुळी पबातल्या पैजा आणि वादावाद्या मिटवण्यासाठी, एका बिअरवाल्या कंपनीच्या डोक्यातून. जगातला सगळ्यांत उंच माणूस, सगळ्यांत लांब नखं, सगळ्यांत मोठा भोपळा, सगळ्यांचा निकाल त्यांनी लावला. पबाच्या वयापुढं मात्र हात टेकले.

मग जेवण. प्रत्येक खेडवळ पबात 'प्लाउमन्स लंच' मिळतं. प्लाउमन म्हणजे आपला नांगऱ्या. पावाचा मोठा तुकडा, चीज, लोणच्यातला कांदा आणि चटणी. आपल्या डोळ्यांसमोर लगेच बांधावर बसून फडकं सोडणारा शेतकरी उभा राहतो. इंग्लंडातले शेतमजूर शेकडो वर्षं पाव-चीज खात होते हे खरंच. दुसरं परवडत नव्हतं. पण मेनूकार्डावरचा हा पदार्थ या नावानं गाजवला तो १९५० नंतरच्या दशकात चीज ब्यूरो नावाच्या संस्थेनं आणि १९६० नंतर तिथल्या दूध-विक्री मंडळानं. उद्देश एकच : चीज खपावं. या बनावावर इतकं बोललं गेलं, की १९८३ साली याच नावाचा सिनेमा निघाला. त्याचा विषयच मुळी खोटा इतिहास रचणारी माणसं. आपल्याकडे महामार्गावर एअरकंडिशन लावून 'चुलीवरचं' विकतात, त्यातलाच हा प्रकार. नांगर गेला की नांगऱ्याची न्याहारी महाग होते. चूल गेली की तिच्यावरची भाकरी.

आता मुख्य पक्वान्न, म्हणजे भूत. लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या अगदी जवळ, बाथच्या जुन्या रस्त्यावर कोलनब्रुक नावाचं गाव आहे. तिथला 'ऑस्ट्रिच' इंग्लंडातल्या अतिजुन्या पबांपैकी एक म्हणवतो. दावा ११०६ सालाचा आहे. त्याची कथा अशी भयंकर, की आमचे सगळे खवीस तिच्यापुढं बालवाडीतले वाटावेत. जार्मन नावाचा खाणावळवाला श्रीमंत प्रवाशांना एका खास खोलीत झोपवी. पलंग जमिनीला ठोकलेला आणि जमिनीला झडप. मध्यरात्री खिट्टी काढली, की पाहुणा गाढ झोपेतून थेट खाली उकळत्या काहिलीत. असे साठ जण म्हणे गेले. साठावा टॉमस कोल नावाचा कापडवाला. त्याचा घोडा मोकाट सापडला, बोभाटा झाला, आणि जार्मन फासावर गेला.

ही कथा पहिल्यांदा सांगितली कुणी? टॉमस डेलनी नावाच्या एका रेशीमविणकरानं. तो फावल्या वेळात पोवाडे आणि कादंबऱ्या लिही. सोळाशेच्या सुमारास त्यानं 'टॉमस ऑफ रेडिंग' नावाची कादंबरी लिहिली आणि कथा चारपाचशे वर्षं मागं, पहिल्या हेन्री राजाच्या काळात नेऊन ठेवली. कादंबरीतल्या खाणावळीचं नाव ऑस्ट्रिच नाहीच. ते 'क्रेन' आहे. पक्षी बदलला. कोल मेला म्हणून गावाला कोलनब्रुक म्हणतात, अशी व्युत्पत्तीही डेलनीनं बहाल करून टाकली. आणि कळस म्हणजे, त्याच कादंबरीत पुढं राजा हुकूम सोडतो, की ते घर जाळून टाका आणि त्या शापित जागेवर पुन्हा कुणी काही बांधू नका. आता तुम्हीच सांगा. कथा खरी मानली तर पब तिथं असायला नको, आणि पब तिथं आहे म्हटलं तर कथा गेली. पण गिऱ्हाईक एकदा रोस्टवर बसलं की तर्कशास्त्र मागवत नाही.

कॉर्नवॉलच्या माळावरचा 'जमैका इन' १७५० सालचा. त्याला जगभर नाव मिळालं ते डॅफ्ने द्यू मोरिएच्या १९३६ सालच्या कादंबरीनं आणि १९३९ साली हिचकॉकनं काढलेल्या सिनेमानं. तिथंही भुतं आहेत म्हणतात. कादंबरीकारांनी पेरावं, सिनेमावाल्यांनी पाणी घालावं आणि पबवाल्यांनी कापणी करावी, अशी ही भुतांची सहकारी शेती आहे.

शास्त्रज्ञांचंही ऐकून घेऊ, नाहीतर मी एकांगी ठरेन. कॉव्हेंट्रीच्या एका प्रयोगशाळेत व्हिक टँडी नावाच्या इंजिनियराला रात्री काम करताना घाम फुटला आणि डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी शेगड्यात धरलेलं त्याचं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरू लागलं. दुसरा कुणी असता तर मांत्रिक शोधला असता. यानं मोजमाप केलं आणि गुन्हेगार पकडला : हवा बाहेर फेकणारा नवा पंखा. त्याच्यातून सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा आवाज निघत होता. १९९८ साली त्यानं हे छापलं. यानं जगातल्या सगळ्या भुतांचा निकाल लागला असं मी म्हणत नाही. पण पबाच्या मुदपाकखान्यात दिवसभर केवढे पंखे घरघरत असतात, ते जाऊन पाहावं. ग्रे लेडी जिन्यावर नसून धुराड्यात असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि कायदा? इंग्रजांचा १७३५ सालचा चेटूकविरोधी कायदा चक्क १९५१ सालापर्यंत पुस्तकात होता. तोही चेटूक करणाऱ्याविरुद्ध नव्हे. चेटूक येतं असं सोंग करणाऱ्याविरुद्ध. १९४४ साली, ऐन महायुद्धात, हेलन डंकन नावाच्या मृतात्म्यांशी बोलणाऱ्या बाईला त्याखाली नऊ महिन्यांची शिक्षा झाली. १९५१ साली त्याच्या जागी भोंदू माध्यमांविरुद्धचा कायदा आला, आणि २००८ साली तोही रद्द होऊन सगळं प्रकरण ग्राहक-संरक्षणाच्या नियमांत टाकलं गेलं. म्हणजे इंग्लंडात भूत आता देवाधर्माच्या खात्यातून निघून वजनमापांच्या खात्यात आलंय. मला हे फार आवडलं. पाइंट कमी भरला तर तक्रार करता येते. मग जिना वाजला नाही तर का करू नये?

इथवर वाचून कुणी म्हणेल, बुवा, तुमचं म्हणणं एवढंच ना, की भुतं खोटी आहेत? ते तर आम्हाला ठाऊकच आहे. पबवाल्यालाही ठाऊक आहे. दोघं मिळून खोटं बोलले तर बिघडलं कुठं?

बिघडलं ते सांगतो. त्यासाठी मला पुन्हा आमच्या विहिरीपाशी यावं लागेल. जुन्या कोकणात एखाद्या विहिरीत हडळ आहे असं लोक म्हणत. पोरं घाबरत, मोठी माणसं विषय बदलत. मोठं झाल्यावर ध्यानात आलं, की जिथं हडळ आहे तिथं पूर्वी कधी तरी एखादी सून, एखादी विधवा, एखादी पोरसवदा मुलगी बुडालेली असते. विहिरीत हडळ आहे एकदा म्हटलं, की तिला तिथं लोटलं कुणी, हे विचारायचं राहून जातं. भुताची गोष्ट लोक आठवण म्हणून सांगतात. पण पुष्कळदा ती विसरण्याची सोय असते. जिवंतपणी त्या बाईनं काय सोसलं याची भीती आपल्याला वाटायला हवी होती. आपण मेलेल्या बाईला घाबरून मोकळे झालो.

त्या तळ्यातल्या मोलकरणीचं हेच केलंय. ती खरोखर होऊन गेली असेल, तर तिच्या मरणाला जबाबदार कुणी तरी होता. नसेल होऊन गेली, तर तिच्यासारख्या ज्या शेकडो मुली अशा खाणावळींतून पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पाणी वाहत आणि भांडी घासत म्हाताऱ्या झाल्या, त्यांना बाजूला सारून ही बनावट बाई जिन्यावर उभी केलेली आहे. दोन्हीकडून अपमान त्या मुलीचाच. आणि वर पुडिंग.

भुतं निवडायची असतात, हेही लक्षात घ्या. घोडेस्वार उमराव चालतो, वाटमाऱ्या चालतो, जोगीण चालते. पण बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक नावाचं कारखान्यांचं गाव आहे, तिथल्या गोष्टी कुठल्या मेनूकार्डाच्या पाठीवर मी वाचल्या नाहीत. १९६० नंतरच्या दशकात तिथल्या ओतशाळांत राबणाऱ्या आपल्या पंजाबी कामगारांना काही पबांतून दाराशीच नकार मिळे. काही ठिकाणी 'तुमची खोली पलीकडे' म्हणून वेगळं बसवत. अमेरिकेतला माल्कम एक्स १२ फेब्रुवारी १९६५ला तिथं आला तो भारतीय कामगारांच्या संघटनेच्या बोलावण्यावरून. 'ब्लू गेट्स' नावाच्या पबात त्याला गोऱ्यांच्या खोलीत घेतलं नाही. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कात त्याचा खून झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि पबात कुणाला रंगावरून हाकलणं बेकायदा ठरलं. त्या ओतशाळेतल्या कामगाराचं भूत कुठल्या पबात दिसल्याचं ऐकिवात नाही. बरोबरच आहे. जिवंतपणी ज्याला आत घेतलं नाही, तो मेल्यावर आत कसा येईल?

आता त्याच मुलखात कित्येक मोडकळीला आलेले पब आपल्याच लोकांनी चालवायला घेऊन वाचवले आहेत. 'देसी पब' म्हणतात त्यांना. पाइंटबरोबर तंदूरमधून काढलेलं सळसळतं ताट मिळतं, आणि म्हातारे गोरे व म्हातारे सरदारजी एकाच टेबलाला बसून फुटबॉलवर भांडतात. या गोष्टीत तळतळाट आहे, उतारा आहे आणि शेवट गोड आहे. भुतांच्या गोष्टीत आणखी काय लागतं?

आणि ज्या पबांसाठी हा सगळा खटाटोप, ते वाचताहेत का? तेही नाही. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांवर पब होते; आता ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरलेत. खेड्यातला पब बंद पडतो तेव्हा तिथं दुपारी एकटा येऊन बसणारा म्हातारा, शेतावरून परतणारा गडी, नवरा गेल्यावर चार शब्द बोलायला येणारी बाई, यांची बैठक उठते. आपल्या पारासारखीच ती जागा. १७६५ सालचा, खाणींमुळे जमीन खचून दारूड्यासारखा कललेला 'क्रुकेड हाउस' ५ ऑगस्ट २०२३च्या रात्री जळाला आणि दोन दिवसांत जमीनदोस्तही झाला. तेव्हा लोक त्याच्या विटा बघायला आले आणि रडले. ती माणसं भुतासाठी रडली नाहीत. टेबलावरची गोटी चढाच्या दिशेनं घरंगळल्यासारखी दिसायची, ते आजोबांबरोबर पाहिलेलं आठवून रडली. उलट कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट या चिमुकल्या गावात २००३ साली सव्वाशेच्या आसपास लोकांनी वर्गणी काढून आपला 'ओल्ड क्राउन' विकत घेतला आणि सहकारी तत्त्वावर चालवला. सहकार म्हटल्यावर मराठी माणसाचा ऊर भरून येतो, माझाही आला. कारखाना, बँक, दूधसंघ काढले आपण. हे राहून गेलं.

आता आपल्या माणसांकडे वळतो, कारण त्यांच्यावर माझा राग जास्त आहे. गावच्या मुंज्याचं नाव काढलं की आपला सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. मुरडावंच. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा दिवसाढवळ्या खून झाला, आणि त्या वर्षी जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. भूत काढण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे, आणि तो कायदा लागला याचा अर्थ तशी मारहाण होत होती. आमच्याकडे भुतानं माणसं मरतात. असं असताना तोच सुशिक्षित माणूस विमानानं सात हजार किलोमीटर जाऊन इंग्रजाच्या जिन्याशी हसतमुखानं फोटो काढून घेतो आणि नातेवाइकांना पाठवतो. घरचा मुंजा अंधश्रद्धा, साहेबाचा मुंजा हेरिटेज! फरक एवढाच, की साहेबाच्या मुंज्याला लाकडी तुळया आहेत.

तेव्हा पबवाल्यांना माझ्या काही साध्या सूचना आहेत. भिंतीवरचं साल पुसा, किंवा त्याच्यापुढं 'म्हणे' लिहा. नांगऱ्याच्या नावावर चीज विकता तर नांगऱ्याला परवडेल अशा दरात विका. आणि भूत ठेवायचंच असेल तर त्याची चौकशी करा. १५३८ सालापासून तुमच्या प्रत्येक गावातल्या चर्चला जन्म, लग्न आणि मरण वहीत लिहायचा हुकूम आहे. पबापासून चर्च शंभर पावलांवर असतं. ती जुनी दप्तरं शोधून काढा, कुणी तरी जाणता माणूस बसवा, आणि तळ्यात खरंच कुणी बुडालं होतं का ते बघा. सापडली तर तिचं नाव मेनूकार्डाच्या पाठीवर लिहा : अमुक एक, वय सतरा, इथं भांडी घासत असे, अमुक तारखेला पुरली. एवढंच. पावलं वाजवू नका, पेले फोडू नका. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा तेवढा त्या चार शब्दांनी येईल.

नाही सापडली, तर जिना मोकळा करा आणि तिथं दिवा लावा. म्हाताऱ्या माणसांना खाली उतरायला बरं पडेल. पुडिंग राहू द्या. पुडिंग चांगलं होतं.